पहिलं जुनं नाणं कुठलं घ्यावं, राणीछाप रुपया की शिवराई?

माझ्या मावसभावाला नाणी जमवायचा नवीन नाद लागलाय, त्याने परवा विचारलं की दादा पहिल्यांदाच पैसे घालतोय, चांदीचा राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचं चित्र असलेला रुपया घेऊ की शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं. त्याचा जीव शिवराईत अडकलेला, आणि ते मला पटतं, कारण महाराजांचं नाव असलेलं नाणं हातात धरायचं म्हटलं की कुणाच्याही अंगावर काटा येतो. तरी मी त्याला सांगितलं की आधी रुपया घे. का, ते सविस्तर सांगतो, कारण हाच प्रश्न बऱ्याच जणांना पडतो.

पहिली गोष्ट ओळखण्याची. रुपया मशीनवर पाडलेला, सगळं त्याच्यावरच छापलेलं. १८३५ पासून ईस्ट इंडिया कंपनीने सगळीकडे एकच रुपया चालू केला, वजन ११.६६ ग्रॅम, आणि ते वजन पुढे शंभरेक वर्षं तसंच राहिलं. राणीचे तीन प्रकार लक्षात ठेवले की झालं: डोक्यावर मुकुट नाही आणि मागे ईस्ट इंडिया कंपनी म्हणजे १८४० चा, मुकुट आणि 'क्वीन' म्हणजे १८६२ पासूनचा, 'एम्प्रेस' दिसलं की १८७७ किंवा नंतरचा. गोंधळ एकच होतो, १८४० आणि १८६२ ही सालं बरीच वर्षं न बदलता तशीच छापली गेली, त्यामुळे १८६२ लिहिलेला रुपया १८७० च्या आसपासही पाडलेला असू शकतो. त्यानंतर राजाछाप, म्हणजे राणीच्या जागी इंग्लंडच्या राजाचं चित्र असलेला. त्यातला १९११ चा फेमस आहे, राजाच्या झग्यावरच्या हत्तीची सोंड इतकी आखूड आली की लोकांना तो डुक्कर वाटला, ओरड झाली आणि पुढच्या वर्षी हत्ती सुधारला.

शिवराईचं तसं नाही. ती हाताने ठोकलेली, एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', पण तांब्याचा तुकडा बऱ्याचदा ठशापेक्षा लहान असायचा म्हणून अर्धी अक्षरं नाण्याबाहेरच गेलेली असतात. साल नाही. 'शिव'चं 'सिव' होतं, 'पति'चं 'पती' होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे महाराजांच्या नंतरही शिवराई दीडशे वर्षांच्या आसपास पाडली जात होती, पेशवाईत तर भरपूर. आज बाजारात जी जास्त दिसते ती दुदांडी, म्हणजे मधे दोन आडव्या रेघा असलेली, ती नंतरच्या काळातली आणि बऱ्याचदा वजनाला हलकी. विकणारा मात्र सरसकट "महाराजांच्या काळातली" म्हणून सांगतो आणि नवीन माणूस भावनेच्या भरात दुप्पट-तिप्पट पैसे मोजून मोकळा होतो. याचाच मला जास्त राग येतो.

किंमतीचं बघा. रुपयात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे शुद्ध चांदी साधारण १०.६९ ग्रॅम, त्या दिवशीच्या भावाने गुणलं की कमीत कमी किंमत हातात आली, त्यावर सालाचे आणि अवस्थेचे पैसे. १९४० ते ४५ च्या रुपयात मात्र चांदी निम्मीच आहे, आणि १९४७ चा तर निकेलचा, तो लोहचुंबकाला चिकटतो. शिवराईला असा आधार नाही, तांब्याची किंमत ती काय असणार, सगळी किंमत अक्षरं किती स्पष्ट आणि प्रकार कुठला यावर, आणि ते कळायला शंभरेक शिवराया डोळ्याखालून जाव्या लागतात. दोन्हीच्या बाबतीत एक सांगतो, ऑनलाइन कुणी पाच लाख मागतोय म्हणून ती किंमत होत नाही, लिलावात प्रत्यक्ष कितीला गेलं ते बघा. आणि "तुमचं नाणं लाखात विकून देतो, आधी फी भरा" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या, रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे प्रकार व्हायला लागले म्हणून २०२१ मध्ये बँकेनेच लोकांना सावध केलं होतं. रामदरबाराचं चित्र आणि १८१८ साल असलेलं कंपनीचं नाणं पण घेऊ नका, असं चलन कंपनीने कधी काढलेलंच नाही.

खोटं ओळखायलाही रुपया सोपा. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या, त्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा, नाणं दोऱ्याने पाण्यात लोंबकळत धरा, तळाला टेकू देऊ नका. चांगल्या वजनाच्या रुपयाला १.१३ ग्रॅमच्या आसपास आकडा येतो, १.३ च्या पुढे गेला तर आत चांदी नाही. तांब्याच्या शिवराईला ही टेस्ट काही उपयोगाची नाही कारण खोटी पण तांब्याचीच असते, तिथे ओतकामाचे बारीक खड्डे आणि कडेची जोडाची रेघ भिंगातून शोधावी लागते. रुपयाच्या कडेलाही डाग दिलेला, म्हणजे धातू वितळवून सांधलेलं आहे का बघा, पूर्वी रुपये माळेत ओवायला कडी लावायचे, ती काढलेली असली की किंमत बरीच उतरते.

आता साफ करणं. आमची आजी दर लक्ष्मीपूजनाला देवघरातले रुपये चिंचेने आणि राखेने घासायची, ती पूजा होती, तिथे माझं काही म्हणणं नाही, पण त्या रुपयांवरचे राणीचे केस पार सपाट झालेत. मी शाळेत असताना एक शिवराई लिंबू-मिठाने घासली, गुलाबी लाल झाली, वरचा शंभर-दीडशे वर्षांचा तपकिरी थर एका दुपारी गेला तो गेलाच, आजही ती बघवत नाही. म्हणून चिंच, लिंबू, टूथपेस्ट, भांडी घासायची पावडर, काहीच नको. माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये दोन-चार दिवस भिजत ठेवा, पाणी बदलत राहा, मऊ कापडाने टिपून घ्या, घासू नका. चांदीचा काळपटपणा तसाच राहू द्या. तांब्यावर घट्ट हिरवा थर असेल तर काळजी नाही, पण फिकट हिरवी पावडर सुटत असेल तर तो रोग आहे, ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं आणि कोरडं ठेवा आणि जाणकाराला दाखवा. म्हणजे इथेही शिवराईलाच जास्त जपावं लागतं, दमट कोकणात तर विशेष. मऊ पीव्हीसीचे पाऊच दोन्हीला वाईट, कालांतराने चिकट हिरवं सुटतं.

शेतात किंवा घराच्या पायात नाण्यांचा हंडा सापडला तर तो लगेच आपला होत नाही बरं का, १८७८ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि शंभर वर्षांवरचं नाणं परदेशातल्या भावाबहिणीला भेट म्हणून पाठवता येत नाही, हे पण लक्षात असू द्या.

तर घरात आधीच आजोबांची शिवराई असेल तर तिच्यापासूनच सुरू करा, अजिबात न घासता. पैसे घालून घेणार असाल तर आधी एक साधा राजाछाप. भावाने शेवटी १९१८ चा रुपया घेतला, मागे खालच्या फुलापाशी बारीक टिंब असलेला, म्हणजे मुंबई टाकसाळीचा. आता जानेवारीत आम्ही दोघं नाशिकजवळ अंजनेरीला नाणेसंशोधन संस्थेत जाणार आहोत, विकत घ्यायच्या आधी त्याला खऱ्या शिवराया नीट बघू देत.