डॅशबोर्डची करकर: स्प्रे, फेल्ट टेप की सर्व्हिस सेंटर?

डॅशबोर्ड वाजायला लागला की लोक सिलिकॉन स्प्रे मारतात, फेल्ट टेप (नमद्यासारखी मऊ चिकटपट्टी) लावतात, नाहीतर गाडी सर्व्हिस सेंटरला टाकतात. माझा कौल बहुतेक वेळा टेपला. पण आधी आवाजाची जात ओळखा, नाहीतर तिन्हींवरचा खर्च पाण्यात जातो.

करकर म्हणजे प्लास्टिकचे दोन भाग एकमेकांवर अडकत-सुटत घासताहेत. खडखड म्हणजे क्लिप, स्क्रू किंवा आतली वायर सुटून कुठेतरी आपटतेय. तिथे स्प्रेचा काडीचाही उपयोग नाही. आवाज समोरच्या काचेवरून परावर्तित होतो, म्हणून नुसत्या कानावर विसंबू नका. ग्लव्ह बॉक्स रिकामा करा, मोबाइल होल्डर उतरवा, गाणी आणि पंखा बंद करा. मग पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावरून गाडी हळू चालवा आणि शेजारी बसलेल्याला एकेक भाग तळहाताने दाबायला सांगा: व्हेंटची चौकट, स्क्रीनभोवतीची पट्टी, ग्लव्ह बॉक्सचं झाकण, काचेलगतची कड. दाबल्यावर आवाज थांबला, की जागा सापडली. फक्त गारठ्यात किंवा फक्त भर उन्हात वाजत असेल, तर त्याच वेळी शोधा; तापमानाबरोबर प्लास्टिक आकसतं-प्रसरतं आणि फटी बदलतात.

स्प्रेची सोय अशी की काही उघडावं लागत नाही. पण फटीत तो कुठवर पोचला ते कळत नाही, काही दिवसांनी करकर परतते, आणि वरच्या पृष्ठभागावर उडाला तर धूळ चिकटते, उन्हात काचेवर चमक येते. दरवाज्याच्या रबराची कुरकुर असेल तर मात्र सिलिकॉनच योग्य. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे डॅशबोर्डला लावूच नका.

टेपसाठी चौकट उघडावी लागते आणि तिथेच खरं निदान होतं. प्लास्टिकच्या पट्टीने चौकट हलकेच उचकटली, की आतल्या कडेवर घासून गुळगुळीत झालेला चकचकीत डाग किंवा पांढरट भुकटी दिसते. ती जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, सुकू द्या, आणि दोन्हींपैकी एकाच बाजूला पातळ फेल्ट टेप लावा. जाड टेप लावली तर क्लिप नीट बसत नाही आणि करकरीच्या जागी खडखड सुरू होते. सुटी वायर असेल तर तिला कापडी टेप गुंडाळा. हे सगळं काही शे रुपयांत होतं आणि टिकतंही.

एक हद्द मात्र पाळा. शेजारच्या सीटसमोर डॅशबोर्डमध्ये एअरबॅग असते, आणि पडदा-एअरबॅग (बाजूच्या काचांवर वरून उलगडणारी) असलेल्या गाडीत ए-पिलरच्या, म्हणजे समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबाच्या, कव्हरमागेही. तिथली कव्हरं स्वतः उचकटू नका, त्यांच्या सांध्यावर टेप चिकटवू नका, एअरबॅगच्या वायरींचे पिवळे कनेक्टर दिसले तर हात मागे घ्या.

अशा जागी, किंवा आवाज स्टीअरिंगखालून वा अगदी आतून येत असेल तर, सर्व्हिस सेंटरच बरं. गाडी वॉरंटीत असेल तरी पहिली फेरी तिथलीच. पण अख्खा डॅशबोर्ड उतरवायला लगेच होकार देऊ नका. जुन्या क्लिप काढताना तुटतात आणि एक आवाज घालवताना दोन नवे येतात. आधी तंत्रज्ञाला गाडीत बसवून तोच आवाज ऐकवा आणि जॉब कार्डवर (तिथल्या कामाच्या नोंदीच्या कागदावर) जागा, वेग व रस्ता लिहून घ्या. नुसतं ‘डॅशबोर्डमधून आवाज येतो’ एवढं लिहिलं, तर गाडी बरेचदा धुऊन परत मिळते.