कोल्हापुरात पाण्याचा प्लांट: रिसायकल बाटली, नवी बाटली की जार?

पाण्याच्या प्लांटचा प्रकल्प अहवाल करून घ्यायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न पूर्वी ठरलेला असायचा, 'सबसिडी किती?' अलीकडे त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो, 'बाटली रिसायकल प्लास्टिकची ठेवली तर?' प्रश्न चांगला आहे. पण त्याचं उत्तर प्लास्टिकात कमी आणि गिऱ्हाइकात जास्त आहे. गिऱ्हाईक कोण हे ठरायच्या आत मशिनचं कोटेशन खिशात घेऊन फिरणारे बरेच भेटतात.

तेव्हा तीन वाटा शेजारी शेजारी ठेवून बघू: रिसायकल पेटची (पेट म्हणजे पाण्याच्या बाटलीचं नेहमीचं प्लास्टिक), म्हणजे आरपेटची, सीलबंद बाटली, नेहमीच्या नव्या पेटची बाटली आणि वीस लिटरचा जार. काचेची बाटली हॉटेलच्या टेबलावर शोभते, धुऊन परत परत वापरता येते, पण वजन आणि फूटतूट पाहता पहिल्या वर्षी तिच्या नादी लागू नये. एवढ्यावर तिला सोडतो.

कायद्यात बाटली कुठं बसते

सगळ्यात मोठा गैरसमज असा की भंगारातल्या बाटल्या गोळा करायच्या, वितळवायच्या आणि त्यातच पाणी भरायचं. तसं चालत नाही. 2018 च्या पॅकेजिंग नियमांत अन्नाला लागणाऱ्या वेष्टनात रिसायकल प्लास्टिकला मनाईच होती. 2022 मध्ये दार किलकिलं झालं, तेही एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, निकषांत बसणाऱ्या मालापुरतं. बाटल्या निवडायच्या, कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात धुवायच्या, त्यांचे फ्लेक्स म्हणजे बारीक तुकडे करायचे, मग उष्णता आणि व्हॅक्यूमखाली आत मुरलेली रसायनं बाहेर काढायची आणि प्लास्टिकची उतरलेली ताकद पुन्हा चढवायची. एवढं झाल्यावर ते दाणे 'फूड ग्रेड' ठरतात. हा स्वतंत्र, कोटींचा कारखाना आहे आणि पाण्याच्या प्लांटशी त्याचा संबंध फक्त खरेदीपुरता. तुम्ही आरपेटची प्रीफॉर्म (जी फुगवून बाटली होते ती छोटी नळी) किंवा तयार बाटली विकत घेणार. शिवाय झाकण नव्याच प्लास्टिकचं राहणार. '100 टक्के रिसायकल' असं लेबलवर छापताना ते बाटलीपुरतंच खरं आहे हे लक्षात ठेवा, कारण ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये असल्या हिरव्या दाव्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. दावा केला की पुरावा हाताशी हवा.

मशिन विकणारे दुसरी एक गोष्ट सांगतात: 'साहेब, आता कायद्यानंच सगळ्यांना रिसायकल वापरावं लागणार.' अर्धं खरं आहे. प्लास्टिक कचरा नियमांत 2022 ला जी भर पडली, तीत कडक प्लास्टिकच्या वेष्टनात 2025-26 पासून 30 टक्के रिसायकल माल आणि पुढे दरवर्षी दहा-दहा टक्क्यांनी वाढवत 2028-29 ला 60 टक्के असा टप्पा घातला आहे. पण ब्रँडवाल्यांवरच्या या जबाबदारीतून सूक्ष्म आणि लघु उद्योग वगळले आहेत. एप्रिल 2025 पासूनच्या व्याख्येप्रमाणे लघु उद्योगाची मर्यादा 100 कोटी उलाढालीपर्यंत जाते, तेव्हा नवा प्लांट त्यात आरामात बसतो. म्हणजे सक्ती मोठ्यांवर आहे. याचा तुमच्यावर परिणाम होतो तो वेगळाच: मोठे ब्रँड तोच माल उचलायला उभे आहेत, त्यामुळे पुरवठा ओढून धरलेला असतो आणि तुमची दोन टनांची ऑर्डर रांगेत शेवटी जाते. कोका-कोलाने 2023 मध्ये किनलेची एक लिटरची बाटली पूर्ण आरपेटची काढली. अशांच्या शेजारी उभं राहून तुम्हाला माल घ्यायचा आहे.

वरची सूट ब्रँडवाल्यांची आहे, तेव्हा बाटली तुम्ही स्वतः फुगवू लागलात, तर कागदोपत्री नुसते ब्रँडवाले राहता की 'उत्पादक' ठरता, हे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उद्योग भवनातल्या कार्यालयात अर्ज देऊन लेखी विचारा. तोंडी उत्तर घेऊ नका.

आणि ज्यांचा सगळा भरवसा पीएमईजीपीच्या, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती योजनेच्या, सबसिडीवर आहे त्यांनी हे आधी वाचावं. त्या योजनेच्या नकारात्मक यादीत, खाद्यपदार्थ साठवायला किंवा भरायला रिसायकल प्लास्टिकच्या पिशव्या आणि डबे बनवणं हा उद्योग बसवलेला आहे. तयार आरपेट बाटलीत पाणी भरणं त्यात येत नाही असा युक्तिवाद करता येतो, पण अहवालात 'रिसायकल बाटली निर्मिती' असं मोठ्या अक्षरात लिहून पाठवलंत तर फाइल तिथंच अडकायची शक्यता आहे. जिल्हा उद्योग केंद्रात शब्द कसा लिहायचा ते विचारून मगच अहवाल करा.

बाटली हातात घेऊन

दोन्ही प्रीफॉर्म उजेडात शेजारी धरा. नव्या पेटची काचेसारखी असते. आरपेटची किंचित पिवळसर, कधी राखाडी झाक घेऊन येते, आणि दर लॉटला ती झाक थोडी बदलते. फुगवल्यावर भिंत पातळ होते तशी झाक फिकी पडते, पण तळाशी आणि मानेपाशी दिसतेच. शाहूपुरीतल्या दुकानदाराच्या फ्रिजमध्ये दोन बाटल्या शेजारी ठेवल्या तर गिऱ्हाईक काचेसारखी उचलतो. त्याला आरपेट माहीत नाही, त्याला ती 'जुनी बाटली' वाटते. फिकट निळी किंवा हिरवी छटा देऊन ही झाक लपवता येते, मात्र रंगीत बाटलीला भंगारात भाव कमी मिळतो. ज्या कारणासाठी रिसायकल घेतलं त्यालाच कात्री.

मशिनवरही फरक पडतो. आरपेटची चिकटपणाची पातळी लॉटनुसार हलली की फुगवताना तळाला पांढरे चट्टे येतात, नाहीतर मान वाकडी होते, आणि ऑपरेटर हीटरचे दिवे बदलत बसतो. नव्या पेटवर एकदा सेटिंग लावलं की महिनाभर हात लावावा लागत नाही. उद्यमनगरात मशिन दुरुस्त करणारे हुशार हात भरपूर आहेत, पण ही दुरुस्तीची गोष्ट नाही, मालाची आहे.

आता पैसा. एक लिटरची बाटली साधारण 20 ग्रॅमची धरली तर एक किलोत 50 बाटल्या होतात. समजा आरपेट नव्यापेक्षा किलोला 20 रुपयांनी महाग पडलं, तर बाटलीमागे 40 पैसे जादा. ऐकायला किरकोळ. पण वीस रुपये छापील किमतीच्या बाटलीला दुकानदार नव्या स्थानिक ब्रँडकडून निम्म्याच्या आसपास भाव मागतो, त्यात बाटली, झाकण, लेबल, श्रिंक (बाटल्यांच्या गठ्ठ्यावरचं प्लास्टिक), वीज, गाडीभाडं सगळं बसवायचं असतं. तिथं नफाच पैशांत मोजला जातो, आणि 40 पैशांत तो अर्धा होऊ शकतो. कच्चं तेल स्वस्त झालं की नवं पेट स्वस्त होतं, आरपेट तेवढं उतरत नाही. मग फरक आणखी रुंदावतो.

सप्टेंबर 2025 पासून बाटलीबंद पाण्यावरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. गिऱ्हाइकाला बरं झालं, रेल नीरची बाटलीसुद्धा 15 वरून 14 रुपयांवर आली. प्लांटवाल्याला मात्र प्रीफॉर्म 18 टक्क्यांनी घ्यायची आणि पाणी 5 टक्क्यांनी विकायचं, म्हणजे खरेदीवर भरलेला जादा कर खात्यात अडकतो. मालावरच्या कराचा परतावा मागता येतो, मशिनवरच्या कराचा त्या वाटेनं मिळत नाही. प्रीफॉर्म जेवढी महाग, तेवढी रक्कम जास्त अडकणार, आणि आरपेट महागच आहे. खेळतं भांडवल मोजताना सीएला हे विचारा.

जार: पॅकेजिंगचा खर्च एकदाच

प्लास्टिक कमी करायचं हाच हेतू असेल तर खरं सांगायचं तर जार दोन्ही बाटल्यांना मागं टाकतो. एक जार कित्येक फेऱ्या करतो. आरपेटची बाटली कितीही हिरवी म्हटली तरी दोन घोटांत रिकामी होऊन रस्त्यावर पडते.

पण जारच्या धंद्यात कोल्हापुरात गर्दी आहे, आणि त्यातला मोठा भाग सीलबंद नाही. थंड पाण्याच्या जारमध्ये नुसतं आरओचं पाणी, वर साधं झाकण. तुम्ही सील, लेबल, तारीख आणि परवान्यासकट जार विकायला जाल तेव्हा तो सुटा जारवाला तुमच्यापेक्षा स्वस्त असणारच. शिवाय पाऊण टनाच्या टेम्पोत 35 च्या आसपास जार मावतात, म्हणजे फेऱ्या फार. राजारामपुरीच्या तिसऱ्या मजल्यावर जार चढवणारा पोरगा टिकत नाही, हा तर कुठल्याही जारवाल्याला विचारा. जार परत येत नाहीत, आले तर कुणी त्यात डिझेल किंवा फिनेल भरलेलं असतं. वास घेऊनच आत घ्यायचा, हा नियम प्लांटच्या दारावर रंगवून ठेवा.

घरगुती जारची मागणी वाढतच जाईल असंही धरू नका. नोव्हेंबर 2023 ला काळम्मावाडी धरणाचं थेट पाईपलाईनचं पाणी शहरात आलं. पंचगंगेच्या पाण्याची धास्ती हे घरात जार येण्याचं एक मोठं कारण होतं. ते कारण हळूहळू सैल पडेल असा माझा अंदाज आहे. ऑफिस, दवाखाने, गॅरेज, गांधीनगरातली कापड दुकानं यांची मागणी मात्र राहील.

कोण कशाला पैसे देतो

महाद्वार रोडवर, भवानी मंडपात, जोतिबाच्या चैत्र यात्रेत, हायवेच्या ढाब्यावर गिऱ्हाईक तहानलेला असतो. तो गार आहे का आणि सील आहे का एवढंच बघतो. तिथं आरपेटला एक पैसा जास्त मिळणार नाही. तिथं नवं पेट, आणि दुकानदाराला वेळेवर पोचवणारी गाडी.

मंगल कार्यालयांचा हिशेब निराळा. वधू-वरांचं नाव छापलेली छोटी बाटली मागतात. पंगत उठल्यावर टेबलाखाली बघा, दोन घोट घेऊन टाकलेल्या बाटल्यांचा खच असतो. इथं आरपेट विकण्यापेक्षा मोठा जार आणि स्टीलचे पेले विकणारा माणूस पर्यावरणाचं जास्त भलं करेल. पण यजमानाला लेबलवर नाव हवं असतं, त्याला काय करणार!

आरपेटला खरा भाव देईल असं गिऱ्हाईक माझ्या मते कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीत, गोकुळ शिरगावात आहे. ज्या फाउंड्रीचा किंवा कापड कारखान्याचा माल परदेशात जातो, तिथं परदेशी खरेदीदाराची माणसं येऊन कचऱ्याचं, पॅकेजिंगचं विचारतात. अशा कंपनीच्या कॅन्टीनला, बैठकीला, कार्यक्रमाला कंपनीच्याच नावाची आरपेट बाटली आणि सोबत पुरवठादाराचं प्रमाणपत्र दिलं, तर 40 पैशांवर कुणी घासाघीस करत नाही. मोठी हॉटेलं, विद्यापीठातले कार्यक्रम याच रांगेतले. ऑर्डर कमी, पण ठरलेली. आधी पाच-सहा अशी गिऱ्हाइकं लेखी मिळतात का बघा. नाही मिळाली तर आरपेटचा विषय त्या वर्षापुरता बंद.

पाणी आणि जागा

पाण्याचा धंदा आणि पाण्याकडंच लक्ष नाही, असं बऱ्याच अहवालांत दिसतं. शिरोळ, हातकणंगलेच्या काही पट्ट्यात उसाला दिलेल्या जादा पाण्यानं जमिनी क्षारपड झाल्यात, तिथल्या बोअरला क्षार जास्त सापडू शकतात. मग आरओमधून वाया जाणारं पाणीही वाढतं आणि मेंब्रेनही (आरओमधली गाळणी) लवकर बसते. करवीर, राधानगरीकडचं पाणी त्या मानानं हलकं. बोअर मारण्यापूर्वी शेजारच्या दोन-तीन बोअरचं पाणी तपासून घ्या, खर्च फार नाही. भूजल उपशाचा ना हरकत दाखलाही आधीच बघा.

ऑक्टोबर 2024 ला आयएसआय चिन्हाची सक्ती गेली म्हणून हुरळून जाऊ नका. पुढच्याच महिन्यात बाटलीबंद पाणी एफएसएसएआयच्या 'उच्च जोखीम' यादीत गेलं, म्हणजे तपासणी आणि त्रयस्थ ऑडिट आलं. मोठे गिऱ्हाईक तर चिन्ह अजून शोधतातच. लॅबचा आणि केमिस्टचा खर्च तिन्ही वाटांना सारखाच पडतो, त्यामुळे तो वाचेल या हिशेबानं कुठलीच वाट निवडू नका.

मग काय करावं

भांडवल बेताचं असेल तर सुरुवातीला सीलबंद जार आणि एक लिटरची नव्या पेटची बाटली, बाटली बाहेरून फुगवून आणायची. बाटली फुगवायचं (ब्लोइंग) मशिन घेऊ नका. आरपेट फक्त ऑर्डरवर, तयार बाटलीच्या रूपात, त्याच भरण लाईनवर. आणि रिसायकलची सुरुवात खरंच करायची असेल तर ती बाटलीपासून न करता श्रिंकपासून करा. बारा बाटल्यांवरचं ते प्लास्टिक पाण्याला लागत नाही, त्यामुळे रिसायकल माल घातलेली फिल्म घेण्यात अन्नाच्या नियमांची अडचण येत नाही. रंग थोडा मळकट असला तरी कुणी बघत नाही, आणि नमुना मागवून आठवडाभरात चालवून बघता येते. पुठ्ठ्याची पेटीही तशीच.

भांडवल भक्कम असेल, घरातलं कुणी एमआयडीसीत माल पुरवत असेल आणि ओळखी असतील, तर उलट क्रमानं जा: आरपेटची नाव छापलेली बाटली आधी, बाजारातली नंतर. कारण बाजारात शिरल्यावर दर पाडूनच शिरावं लागतं, आणि एकदा पाडलेला दर वर नेता येत नाही.

आरपेटची खरेदी करताना पुरवठादाराकडून तीन गोष्टी लेखी घ्या: रिसायकलरला एफएसएसएआयची मान्यता असल्याचा कागद, त्या लॉटचा चाचणी अहवाल, आणि रिसायकल मालाचं प्रमाण. तिसरी बहुतेक जण टाळतात. 'मिक्स आहे' असं म्हणाले तर किती टक्के ते बिलावर लिहून मागा.

शेड घेताना पूररेषा बघा. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 ला शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला. राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी 43 फूट आहे. 2019 ला पाणी 55 फुटांवर चढलं, शहराचा पाणीपुरवठा बंद पडला आणि बाटलीबंद पाण्याला मागणी आली ती नेमकी तेव्हाच. ज्याचा माल पुराच्या अलीकडं होता त्याला तो देता आला, पलीकडच्याला नाही. म्हणून प्लांट कुठंही असो, जूनच्या अखेरीस थोडा साठा शहराच्या उंच भागात भाड्याच्या गाळ्यात ठेवायची सोय आधीच करून ठेवा.