दुर्बिणीच्या ऑपरेशननंतरची उलटी: ऑन्डान्सेट्रॉन की डेक्सामेथासोन?

परळला माझ्या मावशीचं पित्ताशय काढलं. टाके इवलेसे, पण रिकव्हरीत प्रत्येक उमाशाला ती पोटावर उशी गच्च दाबून धरायची. तिला घाटात हमखास गाडी लागते. हे भूलतज्ज्ञांना आधी सांगायचं आमच्याकडून राहिलं, याची मला अजून रुखरुख आहे. बाई असणं, धूम्रपान नसणं, गाडी लागणं किंवा आधीच्या ऑपरेशननंतर उलट्या झालेल्या असणं आणि नंतर अफूवर्गीय वेदनाशामक लागणं: चारही जुळले तर मळमळ-उलटीचा धोका ८० टक्क्यांच्या आसपास जातो.

ऑन्डान्सेट्रॉन हे उलटी रोखणारं औषध, साधारण ४ मिलिग्रॅम, ऑपरेशन संपता संपता शिरेतून देतात. उलटी चांगली थोपवतं, मळमळीवर जरा कमी पडतं. डोकं दुखू शकतं, बद्धकोष्ठ होतो. ईसीजीत क्यूटी, म्हणजे प्रत्येक ठोक्याला हृदयाला विद्युतदृष्ट्या पूर्ववत व्हायला लागणारा काळ, लांबलेला असेल तर जपून.

डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सावकाश चढतं, म्हणून भूल दिल्यावर लगेच, ४ ते ८ मिलिग्रॅम. जागेपणी पटकन टोचलं तर जांघेत विचित्र खाज सुटते. पण असर दिवसभर टिकतो, दुखणंही थोडं कमी होतं. संध्याकाळी टॅक्सीने डोंबिवली गाठायची असेल तर मला हेच जवळचं वाटतं. मधुमेह असेल तर मात्र साखर वाढते, तपासत राहावं लागतं.

२००४च्या मोठ्या चाचणीत दोन्हींनी धोका सारखाच, सुमारे २६ टक्क्यांनी घटवला. दोघांची काम करण्याची वाट वेगळी, म्हणून मावशीसारख्यांना दोन्ही मिळून द्यावीत. भूलतज्ज्ञ तपासायला येतील तेव्हा ‘गाडी लागते’ हे न विचारता सांगा.