मदत सोडतीचं कुपन: वर्ष होत आलं, आता लिहिते

या महिन्याच्या सोडतीत पहिलं बक्षीस न विकल्या गेलेल्या कुपनाला लागलं. मिक्सरचा खोका टेबलावर, नंबर पुकारला, पुन्हा पुकारला, कोणी उठेना. मग कार्यवाहांनी बुकं चाळली आणि सांगितलं की हा नंबर बुकातच आहे, फाडलेलाच नाही. खोका कपाटात गेला आणि दुसऱ्या बक्षिसाची चिठ्ठी काढायला घेतली. हॉल बऱ्यापैकी भरलेला होता. न विकलेलं कुपन डब्यात गेलंच कसं, हे कोणी विचारलं नाही. मी विचारलं, आणि तिथून वादाला तोंड फुटलं.

आमच्या परळमधल्या मंडळाची ही मासिक सोडत. पन्नास रुपयांचं कुपन, महिन्याच्या पहिल्या रविवारी नंबर काढतात, बक्षिसं मिक्सर, कुकर, स्टीलचे डबे अशी. जमलेले पैसे मंडळाच्या रुग्णसाहित्य केंद्राला जातात. अशा सोडती मुंबईत बहुतेकांनी पाहिल्या आहेत, त्यामुळे कुपन कसं असतं वगैरे सांगत बसत नाही. गणपतीनंतर ही योजना सुरू झाली, तेव्हापासून मी दर महिन्याला घेते. मला आजवर काही लागलेलं नाही आणि माझी तक्रार त्याबद्दल नाही.

मी घ्यायला लागले ती सासूबाईंमुळे. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की घरी नेताय तर एअर बेड हवा, नाहीतर पाठीला जखमा होतील. भाड्याने देणाऱ्या एकाने फाउलर कॉट (डोक्याकडची आणि पायाकडची बाजू वर उचलता येणारी रुग्णाची खाट) आणि एअर बेडचे महिन्याला साडेतीन हजार सांगितले, वर अनामत वेगळी आणि टेम्पोभाडं वेगळं. केंद्रातून तेच सामान नुसत्या अनामतीवर मिळालं. पंपावर ऑइलपेंटने ७ हा आकडा रंगवलेला, दोन नळ्यांपैकी एकीच्या सांध्याला काळी चिकटपट्टी. गादीतले आडवे कप्पे आलटूनपालटून फुगतात आणि सैल पडतात, त्यामुळे शरीराचा भार एकाच जागी राहत नाही. रात्रभर त्याची बारीक घरघर चालायची. सासूबाईंना अंथरुणावर असेपर्यंत एकही जखम झाली नाही. ज्यांनी घरी असं आजारपण काढलंय त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

तरीही सुरुवातीला मला सोडतीचा प्रकार आवडला नव्हता. मदत करायची तर सरळ करावी, मध्ये कुकर कशाला? मी पतपेढीत हिशेब बघते. बक्षिसावर गेलेला प्रत्येक रुपया मला गळतीच वाटतो. केंद्राचं सामान परत करायला गेले तेव्हा मात्र माझं मत बदललं.

केंद्र म्हणजे मंडळाचा एक अरुंद गाळा. भिंतीला टेकवून व्हीलचेअर उभ्या होत्या. जवळपास प्रत्येकीच्या पाठीवर पितळी किंवा स्टीलची पट्टी, 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. त्यातल्या कितीतरी पडून होत्या. एकीचं पुढचं छोटं चाक अडकलेलं, एकीचं पाय ठेवायचं पातं तुटलेलं. वॉकर रांगेने होते पण खालची रबरी बुचं झिजून ॲल्युमिनियम उघडं पडलेलं. असा वॉकर गुळगुळीत लादीवर देणं म्हणजे दुसरं हाड मोडायला देणं. तिथे बसणारे काका म्हणाले, "ताई, नवी खुर्ची द्यायला माणसं येतात. बूच द्यायला कोण येणार? बुचावर नाव घालता येत नाही."

हे माझ्या मनात पक्कं बसलं. आपल्याकडे दान वस्तूचं होतं, आणि वस्तूवर नाव लागतं. टायर, बूच, कमोड खुर्चीची बादली, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचा फिल्टर, सक्शन मशीनची नळी, यांवर नाव लागत नाही आणि यांच्याशिवाय नाववाली वस्तू निकामी. गणपतीची वर्गणी वर्षातून एकदा येते आणि ती मंडप, मूर्ती, रोषणाईत संपते. सहाय्यार्थ नाटकाचा प्रयोग लावला तर एकरकमी पैसे मिळतात, पण तोही एकदाच, आणि तिकिटं खपवता खपवता कार्यकर्त्यांचा जीव जातो. दुरुस्तीचा खर्च दर महिन्याला येतो, त्याला दर महिन्याला येणारे, कोणाचं नाव न चिकटलेले पैसे लागतात. तसे पैसे फक्त या कुपनातून येताना मी पाहिले. आमच्या इमारतीतली जी घरं वर्गणीसाठी दार उघडत नाहीत, तीही पन्नासचं कुपन घेतात. योजना सुरू झाल्यापासून चार-पाच महिन्यांत गाळ्यातल्या बहुतेक खुर्च्या फिरत्या झाल्या. त्यामुळे सोडतीबद्दलचा माझा मूळ आक्षेप मी मागे घेतला आहे.

राहिला तो स्थळप्रतीचा, म्हणजे कुपन फाडल्यावर बुकात उरणाऱ्या तुकड्याचा मुद्दा, आणि त्यावर मी अडून बसले आहे.

दर महिन्याला कुपनं छापतात हजार. खपतात साडेसहाशेच्या आसपास. सोडतीच्या डब्यात मात्र हजारच्या हजार नंबरांच्या चिठ्ठ्या पडतात, कारण त्या छापखान्यातूनच एकत्र येतात आणि विकलेल्या वेगळ्या काढायचा कोणी त्रास घेत नाही. म्हणजे कोणतंही बक्षीस न विकलेल्या नंबरावर जाण्याची शक्यता ३५ टक्के. दर तीन बक्षिसांमागे एकाहून थोडं जास्त बक्षीस कोणाच्याच घरी जाणार नाही, हे सोडतीच्या आधीच ठरलेलं. आणि कुपनावर ठळक अक्षरांत छापलंय 'दहा हमखास बक्षिसे'. हमखास हा शब्द कुपन घेणाऱ्यासाठी असतो. काही राज्यांच्या बंपर लॉटरीत पहिलं बक्षीस विकलेल्या तिकिटांतूनच काढण्याची हमी जाहिरातीत देतात, ती याचसाठी.

कार्यवाहांचं उत्तर मी इथे पूर्ण देते, कारण त्यात तथ्य आहे. ते म्हणाले, "ताई, उरलेली वस्तू आम्ही घरी नेत नाही. पुढच्या महिन्यात तीच बक्षीस म्हणून ठेवतो. तेवढी खरेदी वाचते, वाचलेले पैसे केंद्रालाच जातात. तुमच्या पद्धतीने केलं तर केंद्राचं नुकसान आहे." हिशेबाने हे बरोबर आहे. पण मग कुपनावर तसं छापा: न विकलेल्या क्रमांकावर लागलेलं बक्षीस पुढच्या सोडतीत ठेवलं जाईल. एवढी एक ओळ टाका, मी गप्प बसते. नाहीतर सोडतीआधी सगळ्यांसमोर न विकलेली बुकं मोजा, त्यावर 'रद्द' असा शिक्का मारा आणि फक्त विकलेल्या कुपनांच्या स्थळप्रती डब्यात टाका. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. लोकांनी बक्षीस कपाटात जाताना दोन-चार वेळा पाहिलं की ते पुढच्या महिन्यात कुपन घेत नाहीत, आणि मग टायरचे पैसे येत नाहीत. अफरातफर झाल्याचं मी कुठेही म्हटलेलं नाही. तसा अर्थ सभेत काढला गेला आणि आवाज चढले, ते मला फार लागलं.

त्या निमित्ताने मी हिशेब मागितला. 'सगळे पैसे मदतीला' हे उत्तर मला मान्य नव्हतं, कारण सगळे कधीच जात नाहीत. खजिनदारांनी वही दाखवली हे त्यांचं मोठेपण. साधारण साडेबत्तीस हजार जमा, बक्षिसांना नऊ हजार, छपाई, हॉल, चहा धरून साडेतीन हजार, केंद्राला वीस हजार. म्हणजे माझ्या पन्नासातले तीस-एकतीस रुपये कामाला लागतात. मी निम्मे धरले होते, म्हणून खरंच आनंद झाला.

माझा भाचा इंग्लंडात असतो. त्याने तिथल्या एल्सबरी व्हेल भागाच्या स्थानिक लॉटरीबद्दल सांगितलं. तिथल्या कौन्सिलने नोव्हेंबर २०१५ मध्ये ती ऑनलाइन सुरू केली. आठवड्याला एक पौंडाचं तिकीट. त्यातले ५० पेन्स तिकीट घेणाऱ्याने निवडलेल्या स्थानिक संस्थेला, आणखी १० पेन्स सामायिक मदतनिधीला, उरलेल्यात बक्षिसं आणि व्यवस्था. म्हणजे आमचं परळचं मंडळ वहीपेन घेऊन जवळपास त्याच प्रमाणावर आहे. ब्रिटनमध्ये अशा संस्थांच्या लॉटरीला किमान २० टक्के रक्कम सत्कार्याला देण्याचं कायद्याचं बंधन आहे. फरक इतकाच की तिथे तिकीट घेणाऱ्याला वाटणी आधी सांगितलेली असते आणि इथे ती वहीत राहते. 'या ५० रुपयांतले ३० रुपये रुग्णसाहित्य केंद्राला' असं कुपनावर आलं तर खप वाढेल, असं मला मनापासून वाटतं.

सोडतीतून सार्वजनिक काम ही आपल्या शहराला नवी गोष्ट नाही. हॉर्निमन सर्कलसमोरचा टाउन हॉल, जिथे एशियाटिक सोसायटी आहे, त्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉटरी काढूनच पैसे उभे करायला घेतले होते. ते पुरले नाहीत, पुढे सरकारला पैसे घालावे लागले आणि इमारत १८३३ मध्ये पूर्ण झाली. नुसत्या सोडतीवर मोठं काम उभं राहत नाही, एवढं तेव्हापासून दिसतंय. टायर आणि बुचांचं मात्र निभतं.

आता ज्यामुळे माझं मत पुन्हा बदललं ती गोष्ट. सभेतल्या वादानंतर आमच्याच मजल्यावरच्या वकीलबाईंनी विचारलं, "सोडतीला परवानगी आहे का?" मंडळ म्हणालं, धर्मादाय आयुक्तांची आहे. त्यांनी कागद वाचला. वरळीच्या कार्यालयातून मिळालेली ती वर्गणी गोळा करण्याची परवानगी होती, कलम ४१-क ची, जी गणपतीत घ्यावी लागते. सोडत काढण्याचा तिच्याशी संबंध नाही. सरकारची किंवा सरकारने अधिकृत केलेली लॉटरी सोडून इतर लॉटरीसाठी जागा चालवणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. हे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २९७. पैसे मदतीला जातात म्हणून सूट मिळत नाही.

राज्याची लॉटरी महाराष्ट्रात १९६९ पासून आहे, पण तिचे पैसे सरकारी तिजोरीत जातात. १९९८ च्या लॉटरी कायद्यात अटी स्पष्ट आहेत: तिकिटं राज्याने छापायची, सोडत राज्याने काढायची, आठवड्याला एका लॉटरीची एकच सोडत, मुदतीत न मागितलेलं बक्षीस सरकारजमा. वर जीएसटी, जो २०२० पासून २८ टक्के होता आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. या चौकटीत एखाद्या गल्लीतल्या केंद्राला हक्काची जागा नाही. ती असावी, असं मला फार वाटतं. लहान रक्कम, ठरलेला वाटा, लेखापरीक्षण आणि वॉर्डात कुठेतरी नोंदणी, एवढ्यावर परवानगी मिळाली तर मुंबईतली कितीतरी केंद्रं स्वतःच्या पायावर उभी राहतील. आज मात्र प्रामाणिक मंडळ आणि लुबाडणारं मंडळ कायद्याच्या एकाच रांगेत उभी आहेत.

करांचंही सांगते. कुपन म्हणजे देणगी नव्हे, त्यावर ८०जी ची (देणगीवरची) करसवलत मिळत नाही, कारण मोबदल्यात बक्षिसाची संधी असते. आणि ज्या मंडळांत स्कूटर ठेवतात तिथे दहा हजारांवरच्या बक्षिसावर ३० टक्के कर मुळातच कापायचा असतो. तो आधी भरल्याशिवाय वस्तू ताब्यात द्यायची नसते. आमच्याकडे मिक्सरपर्यंतच मजल असल्याने हा प्रश्न आला नाही.

सध्याची स्थिती अशी: मंडळाने सोडत थांबवली आहे. त्याऐवजी पन्नास रुपयांची मासिक मदत पावती सुरू होतेय, बक्षीस नाही. कार्यवाह माझ्यावर नाराज आहेत. खप निम्म्यावर येईल ही त्यांची भीती मला खरी वाटते, म्हणून मी आमच्या दोन मजल्यांची पावत्यांची जबाबदारी घेतली आहे. पावतीच्या पाठीमागे मागच्या महिन्यात कशाची दुरुस्ती झाली ते छापा, असं मी लेखी दिलंय. लोक कुकरसाठी पन्नास देत होते, ते चाकासाठीही देतील, पण चाक त्यांना दिसलं पाहिजे.

तुमच्या भागात अशी सोडत असेल तर कुपन घेण्याआधी वाटणी विचारा आणि परवानगीचा कागद बघा. कार्यकर्ते रागावतील, तरी विचारा.

आणि ज्यांना सामान हवंय त्यांच्यासाठी: डॉक्टरांची चिठ्ठी आणि आधारची प्रत न्यावी, अनामत रोख घेतात आणि सामान धड परत केलं की तिथल्या तिथे परत देतात. वॉकर घेताना चारही बुचं उलटी करून बघून घ्या. फाउलर कॉट उघडून न्यावी लागते, आख्खी आमच्या लिफ्टमध्ये मावली नाही, तेव्हा बरोबर पाना आणि दोन माणसं असू द्या.