लायब्ररीचं ओळख-सत्र: चार स्टार

नर्सिंगच्या नव्या मुलांसाठी आमच्या कॉलेजच्या लायब्ररीने ठेवलेलं सत्र. सुरुवातीला नियम, दंड, बॅग बाहेर ठेवा. पेडण्याहून पहाटेची कदंबा बस पकडून आलेले आम्ही पेंगायला लागलो. मग मॅडमनी पबमेड, म्हणजे वैद्यकीय लेख शोधायची वेबसाइट, उघडलं. मधुमेही पायाच्या जखमेवर लेखांचा ढीग; ‘फ्री फुल टेक्स्ट’ आणि मागची 5 वर्षं असे फिल्टर लावले, यादी आटोक्यात! नुसता सारांश दिसला तर पूर्ण लेख पबमेड सेंट्रलवर शोधायचा. 2000 साली सुरू झालेला हा साठा फुकट आहे, लॉगिनही लागत नाही. (सीनियर फक्त झेरॉक्सवाला दाखवतात.) एक स्टार वेळेसाठी कापला: चतुर्थीच्या सुटीच्या आदल्या दिवशी अर्धा वर्ग घरी पळालेला. पहिली असाइनमेंट मिळते त्या आठवड्यात ठेवा, खुर्च्या कमी पडतील.