फ्रेझर नदीवरची मासेमारी सहल : ‘परवान्यासकट सगळे आमच्याकडे’ म्हणणाऱ्यांविषयी

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, व्हँकूव्हरच्या पूर्वेला मिशन, चिलिवॅक, होप या गावांलगत वाहणाऱ्या फ्रेझर नदीवर सॅमन आणि स्टर्जन पकडण्याच्या सहली निघतात. जाणकार गाइड, त्याची बोट, गळ आणि आमिष असे सगळे दिवसभरासाठी मिळते, आणि हा व्यवसाय नियमाने करणारे लोक तेथे भरपूर आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याहून आलेल्या आई-बाबांना घेऊन आम्ही ज्याच्यामार्फत गेलो, तो मात्र त्यांपैकी नव्हता. व्हँकूव्हरलगतच्या सरे आणि बर्नाबी भागातील मराठी कुटुंबांपर्यंत त्याची जाहिरात पोहोचत असल्याने हा अनुभव तपशिलाने लिहिणे आवश्यक वाटते.

जाहिरात मराठीत होती. ‘सॅमन घरी न्या, स्टर्जनबरोबर फोटो काढा, परवाना, जेवण, सामान सगळे आमच्याकडे’ असा तिचा मजकूर होता. दर इतरांपेक्षा किंचितच कमी होता, त्यामुळे शंका येण्याजोगे काही दिसत नव्हते. फोनवरचा माणूस गोड बोलणारा होता. “ताई, आपल्या माणसांकडून मी जास्त घेणार का?” असे तो मला म्हणाला, आणि बाबांना फोन दिला तेव्हा “काका, तुम्ही फक्त टोपी घेऊन या” असे सांगून त्याने त्यांचे मन जिंकले. पूर्ण रक्कम त्याने ई-ट्रान्सफरने आगाऊ मागितली. ज्या खात्यात पैसे गेले त्यावरचे नाव त्याने सांगितलेल्या नावापेक्षा वेगळे होते. विचारल्यावर ते भागीदाराचे खाते असल्याचे उत्तर मिळाले.

जाहिरातीतील छायाचित्रांत पाठीवर उंच कुबड आलेले नर पिंक सॅमन होते. फ्रेझरमध्ये पिंक सॅमन समुद्रातून परततात ते विषम वर्षी, म्हणजे २०२१, २०२३, २०२५ अशा वर्षांत. २०२४ च्या ऑगस्टसाठी ते मासे दाखवणे म्हणजे जो माल दुकानात येणारच नाही त्याची पाटी लावणे होते. शिवाय सॅमन पकडायला कोठे आणि केव्हा परवानगी आहे हे गाइड ठरवत नाही. केंद्र सरकारचे फिशरीज अँड ओशन्स कॅनडा हे खाते परतणाऱ्या माशांचा अंदाज घेऊन तशा सूचना काढते, आणि त्या कोणालाही मोफत वाचता येतात. आमच्या तारखेला नदीच्या त्या भागात सॅमन ठेवून घेण्यास मुळीच परवानगी नव्हती. पैसे घेताना विक्रेत्याला हे ठाऊक नसणे शक्य नाही.

पहिली तारीख त्याने रद्द केली, आणि त्यासाठी दिलेले कारण खरे होते. ३१ जुलै रोजी चिलकोटिन नदीत मोठी दरड कोसळून प्रवाह अडला, पाच ऑगस्टला तो बांध फुटला आणि गढूळ पाणी व ओंडके फ्रेझरमध्ये उतरले. नदीकाठापासून दूर राहण्याचे इशारे तेव्हा खरोखरच दिले गेले होते. परंतु या आपत्तीचा उपयोग त्याने पैसे परत न करण्यासाठी आणि वर ‘नव्याने नोंदणी’चे शुल्क उकळण्यासाठी केला. खऱ्या बातमीच्या आधाराने सांगितलेली सबब तपासायला कोणी जात नाही, आणि हे त्याला नेमके माहीत होते.

महिनाअखेरीस चिलिवॅकच्या आयलंड २२ या बोट उतरवण्याच्या जागी आम्ही पोहोचलो तेव्हा तो स्वतः आलाच नाही. बोटीवर एक अबोल तरुण होता. आपण गाइड नसून अर्ध्या दिवसाच्या फेरीसाठी बोट चालवायला आलो आहोत, एवढेच त्याने सांगितले. या प्रांतात मोबदला घेऊन मासेमारीला नेणाऱ्याकडे प्रांताचा गाइड-परवाना लागतो, आणि प्रवासी बोट चालवणाऱ्याला स्वतःची हौशी बोट चालवणाऱ्यापेक्षा वेगळे, व्यावसायिक प्रमाणपत्र लागते. त्याच्याकडे यांपैकी काही नव्हते. आमच्या हातात त्याने परवाने म्हणून छापील कागद ठेवले, आणि फसवणुकीचा गाभा त्या कागदांत होता.

मासेमारीचा परवाना ज्याच्या हातात गळ आहे त्याच्या स्वतःच्या नावावर असावा लागतो, आणि प्रांताचे रहिवासी, कॅनडातील अन्य प्रांतांचे लोक व परदेशी पाहुणे यांच्यासाठी त्याचे शुल्क वेगवेगळे असते. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माझ्या आई-बाबांना त्या कागदावर ब्रिटिश कोलंबियाचे रहिवासी दाखवले होते. कमी शुल्काचा परवाना काढून उरलेला फरक खिशात घालण्याचा हा सरळ प्रकार होता. स्टर्जनसाठी मूळ परवान्यासोबत संवर्धनाचा आणखी एक परवाना लागतो. तो कोणाच्याच नावावर नव्हता. मिशनच्या रेल्वे पुलापासून समुद्राकडे जाणारा प्रवाह भरती-ओहोटीचा मानला जातो आणि तेथे केंद्राचा वेगळा परवाना चालतो, हेही येथे नोंदवते, कारण ‘आमच्या परवान्यात सगळी नदी येते’ असे विक्रेत्याने फोनवर ठासून सांगितले होते.

तरीही त्या तरुणाने गाबोळीचे आमिष लावून गळ टाकले आणि बाबांच्या गळाला स्टर्जन लागला. फ्रेझरचा पांढरा स्टर्जन शंभराहून अधिक वर्षे जगू शकतो. अंगावर हाडासारख्या कठीण ढालींच्या रांगा आणि तोंडाखाली चार मिशा असलेला हा मासा १९९४ पासून येथे फक्त पकडून सोडून देण्यासाठी आहे, आणि त्यासाठी उलटा काटा नसलेला एकच गळ वापरावा लागतो. मोठा स्टर्जन पाण्यातच ठेवून सोडायचा असतो, कारण बाहेर काढल्यास स्वतःच्या वजनाने त्याच्या आतील अवयवांना इजा होऊ शकते. आमच्या बोटवाल्याने मात्र फोटोसाठी तो वाळूच्या पट्ट्यावर ओढून आणला. आईने त्याला “अरे, सोड त्याला” असे मराठीतच सांगितले, आणि तेवढ्यात कॉन्झर्व्हेशन ऑफिसरांची, म्हणजे मासेमारीचे नियम पाळले जातात का हे पाहणाऱ्या अधिकाऱ्यांची, बोट शेजारी येऊन थांबली.

अधिकारी सौजन्याने वागले. परंतु पावती फाडली ती बाबांच्या नावाने. परवाना दुसऱ्याने काढला होता, शुल्क आम्ही भरले होते, हे ऐकून घेतल्यावरही रॉड ज्याच्या हातात त्याची जबाबदारी, हा नियम बदलत नाही. ‘सगळे आमच्याकडे’ या शब्दांत खरा धोका हाच आहे : पैसे त्यांच्याकडे जातात, कायद्याचे उत्तरदायित्व मात्र आपल्याकडेच राहते. बोटवाल्याची चौकशी स्वतंत्रपणे झाली.

संध्याकाळी विक्रेत्याचा फोन आला. त्याने दिलगिरी व्यक्त केली नाही; उलट “ताई, तुम्हाला सॅमनचे फिले घरपोच देतो, फक्त थोडे पैसे द्या” असा प्रस्ताव ठेवला. हौशी मासेमारीच्या परवान्यावर पकडलेला मासा विकणे कॅनडात बेकायदा आहे, आणि सोबत नेलेल्या माशाची जात ओळखता येईल अशा रीतीनेच तो बांधावा लागतो. कातडी काढलेले तुकडे कोणत्या माशाचे, कोठले आणि कोणी पकडलेले हे कोण सांगणार? आम्ही नकार दिला, आणि त्यानंतर त्याने फोन उचलणे बंद केले.

बँकेने सांगितले की समोरच्याने स्वीकारलेले ई-ट्रान्सफर परत फिरवता येत नाही. क्रेडिट कार्डाने पैसे दिले असते तर निदान हरकत नोंदवता आली असती, आणि म्हणूनच हे लोक कार्ड घेत नाहीत. पाच हजार डॉलरपर्यंतचे दावे ऐकणाऱ्या प्रांताच्या सिव्हिल रिझोल्यूशन ट्रायब्यूनलकडे जाण्याचा विचार केला, पण तेथे प्रतिवादीचे खरे नाव आणि नोटीस पोहोचवण्यासाठी पत्ता लागतो. आमच्याकडे होते एक टोपणनाव आणि बंद झालेला फोन नंबर.

जे जाणार असतील त्यांनी आपला परवाना प्रांताच्या संकेतस्थळावर स्वतः, स्वतःच्या खऱ्या निवासाच्या वर्गात काढावा. त्याला फार वेळ लागत नाही. गाइडकडे त्याचा गाइड-परवाना क्रमांक आणि व्यवसायाचे नोंदणीकृत नाव पैसे देण्यापूर्वी मागावे, आणि त्या आठवड्यात सॅमनची परवानगी आहे की नाही हे केंद्राच्या सूचनांत पाहावे. आम्ही आमचे सर्व संदेश व पैशांच्या पावत्या कॉन्झर्व्हेशन ऑफिसर सर्व्हिसला आणि फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या कॅनेडियन अँटी-फ्रॉड सेंटरला दिल्या आहेत. याच माणसाला ज्यांनी पैसे दिले असतील त्यांनीही ज्या खात्यात रक्कम गेली त्याचे नाव आपल्या बँकेच्या नोंदींतून काढून तक्रारीस जोडावे, कारण त्याच्याविषयी हाती लागण्यासारखी खरी खूण सध्या तेवढीच आहे.