डेंग्यूनंतर केस गळतायत? 'हेअर पॅकेज' घ्यायच्या आधी हे वाचा

पुण्यात पावसाळा सरता सरता प्रत्येक सोसायटीत दोन-चार जणांना डेंग्यू होतोच, आणि मग दिवाळीच्या आसपास त्याच लोकांचे केस गळायला लागतात. या गळण्यावर काही लोकांचा मस्त धंदा चाललाय. मी ज्या क्लिनिकमध्ये फसले त्याचं नाव देत नाही कारण तक्रार चालू आहे, पण डेक्कनच्या बाजूला आहे, काचेचं दार, एसी, गेल्या गेल्या ग्रीन टी वगैरे.

माझा ताप उतरून दोन-अडीच महिने झाले असतील, बाथरूमची जाळी रोज तुंबायला लागली, उशीवर केस, कणकेत केस, भांग रुंद दिसायला लागला. आई म्हणे माक्याचं तेल लाव, सासूबाई म्हणे टँकरच्या पाण्याने होतंय (आमच्या बाणेरकडे सगळ्या दुखण्यांचं मूळ टँकरचं पाणीच असतं). त्यात इन्स्टावर 'फ्री स्कॅल्प अ‍ॅनालिसिस'ची जाहिरात आली.

तिथे पेनासारखा कॅमेरा डोक्यावर फिरवतात आणि समोर मोठ्या स्क्रीनवर दाखवतात. इतकं झूम केल्यावर कोणाचंही डोकं माळरानच दिसणार ना! पांढरा कोट घातलेली मुलगी, नंतर कळलं ती डॉक्टर नाहीच, काउन्सिलर आहे, म्हणाली, "मॅम, फॉलिकल्स, म्हणजे केसांची मुळं, मरायला लागलेत, आत्ता नाही केलं तर नंतर कुणीच काही करू शकणार नाही." मी आपणहून सांगितलं की डेंग्यू झाला होता. तर म्हणे, "त्याचा काही संबंध नाही मॅम." सगळी मेख या वाक्यात आहे.

पॅकेज ६८ हजारांचं, 'आज घेतलं तर' ४५. नो कॉस्ट ईएमआय म्हणून टॅबवर आधार, पॅन, ओटीपी घेतला. हे आपल्या नावावरचं कर्ज असतं, फायनान्स कंपनी क्लिनिकला पैसे देऊन मोकळी होते, आणि ट्रीटमेंट बंद करते म्हटलं की क्लिनिक म्हणतं रिफंड नाही, फायनान्सवाले म्हणतात ट्रीटमेंटशी आमचा संबंध नाही, हप्ता भरा. आरबीआयच्या नियमांप्रमाणे अशा डिजिटल लोनला कूलिंग ऑफ पिरियड, म्हणजे विचार बदलायची मुदत, असते, त्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंड न देता बाहेर पडता येतं. हे तिथे कोणी सांगणार नाही, लोनच्या कागदात शोधा.

घरी लावायला निळी बाटली दिली, 'हर्बल पेप्टाइड सीरम'. आत काय आहे ते नाही, बॅच नंबर नाही. लावायला लागल्यावर गळणं आणखी वाढलं, तर म्हणे टॉक्सिन्स बाहेर पडतायत. मग कानाजवळ, गालावर लव यायला लागली. त्यावर उत्तर, "हार्मोनल असेल मॅम, आपल्याकडे लेझरचं पण पॅकेज आहे." म्हणजे डोक्यावर उगवायचे पण त्यांनाच आणि गालावरचे काढायचे पण त्यांनाच!

बाथरूममध्ये ओलं होऊन त्या बाटलीच्या स्टिकरचा कोपरा सुटला होता. गरम पाण्यात धरून नखाने खरवडलं तर खाली दुसरं लेबल, मिनॉक्सिडिल ५%. हेच लोशन मेडिकलमध्ये काहीशे रुपयांना मिळतं.

मिनॉक्सिडिल वाईट नाही हं. मुळात बीपीची गोळी, ती घेणाऱ्यांना अंगभर केस यायला लागले म्हणून त्याचं लोशन झालं, अमेरिकेत १९८८ मध्ये मंजूर झालं. सुरुवातीला काही आठवडे गळणं वाढू शकतं, फरक दिसायला चार-सहा महिने लागतात, अनुवंशिक टक्कल असेल तर बंद केल्यावर आलेले केस परत जातात, चेहऱ्यावर लव येऊ शकते, प्रेग्नन्सीत आणि अंगावर पाजताना लावत नाहीत. पण हे लावणाऱ्याला माहीत नको? मला यातलं एक अक्षर कोणी विचारलं नाही की सांगितलं नाही.

शेवटी खऱ्या स्किनच्या डॉक्टरांकडे गेले, एमडी. त्यांनी बोटांत केसांची बट धरून ओढून बघितली, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉइडची तपासणी करायला सांगितली, आणि पहिला प्रश्न, "मागच्या काही महिन्यांत मोठा ताप?" याला टेलोजन एफ्लुव्हियम म्हणतात. ताप, बाळंतपण, मोठं ऑपरेशन झालं की बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. मुळं जिवंत असतात, बहुतेकांचं सहाएक महिन्यांत आपोआप थांबतं. म्हणजे क्लिनिकला फक्त तेवढा वेळ काढायचा असतो! माझ्या कपाळावर बारीक नवे केस यायला लागल्यावर क्लिनिकवाल्यांनी फोटो काढला आणि न विचारता आपला 'रिझल्ट' म्हणून पेजवर टाकला. डोळ्यांवर पट्टी, पण हनुवटीवरचा तीळ आणि माझा बांधणीचा दुपट्टा मैत्रिणीने बरोबर ओळखला.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली, लेबलचे फोटो एफडीएला, म्हणजे आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला, दिले. औषधांच्या नियमांत शेड्यूल जे नावाची यादी आहे, त्यातले आजार बरे करतो असा दावा औषधाला करता येत नाही, आणि त्यात टक्कल आहे. माझा फोटो क्लिनिकने पेजवरून काढून टाकलाय, हप्ते चालू आहेत, वाद मिटलेला नाही. कोणाकडे तशीच निळी बाटली असेल तर फेकू नका, स्टिकर सोडवताना व्हिडिओ काढा आणि पावतीसकट तुम्ही पण तक्रार टाका. डॉक्टर म्हणून जो समोर येईल त्याचा रजिस्ट्रेशन नंबर मागा, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर तपासता येतो. मी मागितला तेव्हा मला ग्रीन टी मिळाला.